गोविंदच्या टोळीची यादी

विलायतेत कायदा शिकताना वाटायचं, मुंबईत परतले की माणसाच्या स्वातंत्र्यावर वाद घालीन. परतले, आणि पहिलाच अर्ज केला तो एका माणसाला स्वतःच्या खोलीत झोपू द्यावं म्हणून! कोर्टात असे किस्से साठतच जातात. हे सगळे त्या एकाच अर्जाचे.

*

गोविंद लालबागचा गिरणी कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यानंतर धरला गेला. जामिनाची अट अशी, की 'टोळीतल्या' सहा जणांना भेटायचं नाही. ते सहाही त्याच्याच गावचे, त्याच्याच खोलीत राहणारे. त्यातला एक सखाराम, सख्खा थोरला भाऊ, छातीच्या रोगानं अंथरुणाला खिळलेला.

"भावाजवळ बसूक गावला तरी पुरे," गोविंद म्हणाला. तो समोरच्या चाळीत जिन्याखाली झोपत होता.

*

पोलिसांना ही नावं मिळाली कुठून? खोलीच्या दारावर पाणी भरायच्या पाळ्यांचा कागद होता. जमादारानं तोच उतरवून घेतला. सोमवार सखाराम, मंगळवार तातू...

तातू तर मोर्च्याच्या आधीच, शिमग्यात वारलेला. पण त्या खोलीची रीत अशी, की मेलेल्याचं नाव वर्षभर खोडत नाहीत. त्याची पाळी जवळचा माणूस भरतो.

"मेलेल्या माणसाक मी खंय भेटतलंय?" गोविंदनं विचारलं.

*

माझे सीनियर गिरगावचे नाना. माझा बारा पानांचा अर्ज त्यांनी नुसता हातात तोलला.

"मॅजिस्ट्रेट पहिलं पान वाचतात. त्यात काय आहे?"

"स्वातंत्र्याचा हक्क."

"आणि आजारी भाऊ?"

"नवव्या पानावर."

"मग तो तिथेच राहणार, बाई."

मी हट्टानं अर्ज तसाच दिला.

*

अर्ज अंशतः मंजूर झाला. तातू मयत असल्याची खात्री करून कोर्टानं त्याचं नाव यादीतून कमी केलं. बाकी अट कायम.

"अभिनंदन," नाना म्हणाले. "काहीतरी बदललं."

*

त्यानंतर आठवडाभरात सखाराम गेला. उरलेल्या चौघांनी खांदा दिला. गोविंद पलीकडच्या फुटपाथवरून चालत राहिला, हवालदाराला मधलं अंतर दिसेल असा.

स्मशानाच्या फाटकाशी तो मला म्हणाला, "बाई, त्याचां नाव आता कमी होतला, नाय?"

मी होकारार्थी मान हलवली.

"उद्या सोमवार. भावाची पाळी मी भरूची. पण त्या दारात पाय कसो ठेवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळा कोट खुंटीवरच ठेवला आणि कळशी घेऊन लालबागच्या नळावर उभं राहायचं ठरवलं.