सगळ्या लिफ्ट सुरू

लिफ्टवाला मिस्त्री सातवीपर्यंतच शिकला, पण त्याच्यासारखी टिपणं अख्ख्या कंपनीत कुणाची नव्हती. एकवीस वर्षं त्यानं प्रत्येक लिफ्टचं टिपण ठेवलं. आधी वहीत, मग कंपनीच्या फोनवर. माथ्यावर तीन ओळी: तारीख, इमारत, स्थिती. स्थितीपुढं तो खरं ते लिहायचा. 'सध्यापुरती चालेल.' 'वरच्या मजल्यावर कण्हते.' 'ब्रेकचा भरवसा नाही.' आजाऱ्याच्या उशाशी बसून लिहावं, तसं ते लिहिणं होतं.

सोमवारी सकाळी त्यानं प्रसूतिगृहाच्या लिफ्टचं टिपण उघडलं आणि तो थिजला. स्थिती: सुरू. बस, एवढंच. दुसरं उघडलं. सुरू. तिसरं. सुरू.

तो तरातरा साहेबांच्या खोलीत गेला. "माझ्या टिपणांना हात कुणी लावला?"

"हात कशाला लावायचा? संगणकावर स्क्रिप्ट चालवली!" साहेब खुशीत होते. "साडेचार हजार टिपणं दोन मिनिटांत साफ. अहो, स्थितीत काय कादंबऱ्या लिहायचात! आता दोनच शब्द, सुरू नाहीतर बंद. ग्राहकाला तक्ता दाखवायला कसं टापटीप."

"प्रसूतिगृहातल्या लिफ्टचा ब्रेक सरकतोय. लिहिलं होतं मी."

"आज चालतेय ना? मग सुरूच की. हा घ्या वर्षाचा दाखला, सगळ्या लिफ्ट सुरक्षित म्हणून सही ठोका."

"अंगात ताप असलेल्याला ठणठणीत म्हणणारा डॉक्टर पाहिलात कुठं?" दाखला तसाच टेबलावर टाकून मिस्त्री भर दुपारी घरी आला.

सून घरातूनच संगणकाचं काम करायची. मिस्त्रीच्या खात्यातून कंपनीची ती स्क्रिप्ट तिनं उघडून वाचली. 'स्थिती'च्या ओळीत 'बंद' सापडलं नाही, तर पुढचं सगळं पुसून 'सुरू' लिही, एवढाच हुकूम त्या स्क्रिप्टमध्ये होता.

"म्हणजे जे कळलं नाही ते पुसलं?"

"हो बाबा. आणि जुनी प्रतही ठेवली नाही."

"त्याला यंत्र कशाला लागतं? माझा भाऊ हेच करतो," आतून बायको म्हणाली. मिस्त्रीला हसू आलं नाही. रात्रंदिवस राबून जमवलेलं ज्ञान एका ओळीनं केर म्हणून झाडून टाकलं होतं, आणि झाडणाऱ्याला शाबासकी!

पण पुसली गेली होती ती फक्त माथ्यावरची स्थितीची ओळ, खालचा मजकूर जिवंत होता. मिस्त्रीची एक रीत होती. काम बाकी असलं की टिपणाखाली 'राहिलं' लिहायचं, झालं की त्याच्याखाली 'उरकलं'. सून म्हणाली, "मग शोधायचा नमुना तयार करू. 'राहिलं' आहे, पण पुढं 'उरकलं' नाही, अशीच टिपणं निवड म्हणायचं."

नमुना त्यानं स्वतः एका बोटानं टंकला. सहाशे टिपणं आली. पहिल्यातच होतं, 'घाईत जेवायचं राहिलं.' सून पोट धरून हसली. मग त्यानं नमुना आवळला: ओळीच्या सुरुवातीलाच आलेलं 'राहिलं' तेवढं धर. अडतीस उरली. त्यानं ती एकेक करून वाचली. सगळी खरी होती.

दुसऱ्या दिवशी यादी पाहून साहेबांचा चेहरा उतरला. "अडतीस? ग्राहकांनी पाहिलं तर आपलं दुकान उठेल. खोडून टाका."

"खोडायची हौस तुम्हाला. मला नाही."

तिथून तो थेट प्रसूतिगृहात गेला. लिफ्ट तळाला आणून रिकामी केली, मोटारीच्या खोलीतला मुख्य स्विच पाडला, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"मिस्त्री, आता हिला कसं न्यायचं?" परिचारिका कडाडली. तिच्यामागं एक बाई पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली होती. "तीन मजले चढायचे तिनं?"

"चढायचं नाही, ताई. खुर्ची आणा, उचलून नेऊ. ब्रेक बदलेपर्यंत मी रोज येतो."

तेवढ्यात फोन वाजला. साहेब ओरडत होते, "लिफ्ट बंद का पाडलीत? अहो, तक्त्यात ती सुरू आहे!"

"मग तक्त्यातूनच न्या बाईला वर," मिस्त्री म्हणाला. फोन खिशात कोंबून त्यानं बाईला बसवलेली खुर्ची पुढून धरली, मागून दोन वॉर्डबॉयनी, आणि तो पहिली पायरी चढला.