उत्तर नसलेला सराव

"आधी चहा घ्या. जहाज बुडायला अजून वेळ आहे."

कॅप्टन हे वाक्य प्रत्येकाला म्हणायचे. समोर बसलेला माणूस चीफ ऑफिसर असायचा, समुद्रावर अर्धं आयुष्य काढलेला आणि आता स्वतः कॅप्टन व्हायला निघालेला. त्याला वाटायचं, म्हातारा गंमत करतोय. तो हसायचा, चहा संपवायचा, आत जायचा. तासाभरात त्याचं जहाज खरंच बुडायचं.

घाबरू नका, जहाज खोटं होतं. सिंगापूरमधल्या एका ऑफिसच्या इमारतीत आमचं सिम्युलेटर होतं. जहाजाचा ब्रिज, म्हणजे जिथून जहाज हाकतात ती वरची खोली, तिथे हुबेहूब उभी केली होती. सुकाणू खरं, रडार खरं, फक्त खिडक्यांबाहेरचा समुद्र पडद्यावरचा. पाऊस पाडणं, धुकं आणणं, भर दुपारी रात्र करणं हे माझं काम. मी पुण्याची, सॉफ्टवेअरवाली. मला पोहताही येत नाही.

कॅप्टन तिथले मुख्य प्रशिक्षक. सोलापूरचे. "आमच्याकडे नळाला चार दिवसांनी पाणी यायचं, वैतागून समुद्रावर गेलो," असं सांगायचे. जगभर जहाजं नेली आणि शेवटी इथेच यिशुन भागात फ्लॅट घेऊन स्थिरावले. अंगानं बारीक, आवाज हळू, शर्ट कायम इस्त्रीचा. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, हे अकाउंट्समध्ये असतील.

त्यांचा एक सराव प्रसिद्ध होता. सिंगापूरची सामुद्रधुनी, रात्र, तेलानं भरलेलं जहाज, आणि ऐन गर्दीत इंजिन बंद. डावीकडे उथळ खडक, उजवीकडे माणसांनी भरलेली फेरीबोट, मागून दुसरं जहाज येतंय. काहीही करा, काहीतरी मोडणारच. त्यातून सुटका नव्हती, कारण कॅप्टननी ती ठेवलीच नव्हती.

मी नवीन असताना आमच्या टेस्टिंगमधल्या हुई मिननं हा सराव तपासला आणि तक्रार नोंदवली. "धिस वन कॅन्नॉट विन, लाह. शुअर गॉट बग." मलाही पटलं. मी इमानेइतबारे बसून ती चूक दुरुस्त केली. नांगर टाकला की जहाज अलगद थांबेल असं करून ठेवलं. त्या आठवड्यात तीन उमेदवार हसत बाहेर आले. कॅप्टन माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"माझं जहाज कोणी वाचवलं?"

"मी, सर. बग होता."

"बरं," ते म्हणाले. "आता परत बुडव."

रागावले नाहीत. उलट मला आणि हुई मिनला खाली हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, नेऊन कोपी पाजली, म्हणजे इथली दाट कॉफी. म्हणाले, "उत्तर असतं तर तिथे कॅप्टन कशाला ठेवतील? मशीन ठेवतील, पगार वाचेल. उत्तर नसतं तेव्हाच माणूस लागतो." हुई मिन म्हणाली, "बट देन हाऊ यू गिव्ह मार्क्स?" कॅप्टननी मान किंचित तिरपी केली आणि म्हणाले, "कम अँड सी."

आम्ही पाहिलं. काचेमागच्या खोलीत बसून सगळे प्रशिक्षक पडद्यांकडे बघायचे, कॅप्टन उमेदवाराकडे बघायचे. जहाज आदळेपर्यंत त्यांना फारसा रस नसायचा. आदळल्यानंतर पेन उघडायचे. एक उमेदवार, मोठा हुशार, खडकावर चढल्याबरोबर सुकाणूवरच्या पोराला ओरडला, "तू उशीर केलास." तो नापास. दुसऱ्यानं फेरीलाच धडक दिली. पण त्यानं रेडिओ उचलला, आपलं नाव सांगितलं, माझ्या जहाजानं धडक दिली आहे असं म्हणाला, आणि लगेच पाण्यातली माणसं काढायच्या मागे लागला. तो पास. ही माणसं तिथे नव्हतीच, ती मी बनवली होती. तरी त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही.

मी तोवर बरेच साहेब पाहिले होते. आपण सगळ्यांनीच पाहिलेत. चूक झाली की त्यांचं बोट आधी कुठे जातं हेही आपल्याला माहीत आहे. म्हणून मला या माणसाचं फार नवल वाटायचं.

हळूहळू मी त्यांच्या घरची झाले. रविवारी पुंगोलच्या माझ्या घरून यिशुनला जायचे. ऑफिसात सर, तिथे काका. काकू कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढायच्या आणि नवऱ्याच्या कागाळ्या सांगायच्या. एकदा म्हणाल्या, "अगं, हे काल परत चुकीच्या बसमध्ये बसले. सेम्बावांगला जाऊन आले."

"फेरफटका झाला," काका म्हणाले.

"नंबर दिसला नाही म्हणून सांगा की तिला."

काकांनी मान तिरपी करून माझ्याकडे बघितलं. ती मान पाहून आमच्याकडचे काही लोक त्यांना शिष्ट म्हणायचे. मलाही ती त्यांची लकबच वाटायची.

"डोळ्यांच्या मधोमध ढग आलाय," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. आत्ता तुझा चेहरा दिसत नाही मला, कान दिसतात. चांगले आहेत."

मला हसावं की रडावं कळेना. "डॉक्टर काय म्हणतात?"

"पडद्याचा आजार, वयाचा. इंजेक्शनं देतात. आहे ते टिकवायचा प्रयत्न, गेलेलं काही परत येत नाही."

"मग आता?"

"आता काय. उत्तर नाही. सराव चालू आहे."

काकू मला पोचवायला लिफ्टपर्यंत आल्या. त्यांना डोळ्यांपेक्षा वेगळीच काळजी होती. "वार्षिक परीक्षा आलीये यांची. तीत चुकले तर काम सुटेल. आणि काम सुटलं तर हा माणूस घरात बसून काय करेल, तूच सांग. माणूस अर्धा होईल गं."

या परीक्षेचा नियम कॅप्टननीच केला होता. प्रत्येक प्रशिक्षकानं वर्षातून एकदा स्वतः ब्रिजवर कॅप्टन म्हणून उभं राहायचं, बाकीच्यांनी काचेमागून बघायचं. जो चुकेल त्यानं दुसऱ्यांना मार्क द्यायचे नाहीत. दुसऱ्यांची जहाजं बुडवता, तर तुमचंही एकदा बुडू दे, असं त्यांचं म्हणणं. कायद्यानं असं काही लागत नव्हतं. आमच्या मॅनेजरना त्यांचे डोळे माहीत नव्हते, पण वय माहीत होतं. ते आपणहून म्हणाले, "कॅप्टन, यू स्किप धिस इयर, कॅन. हू वॉन्ट टू टेस्ट यू?"

"आय वॉन्ट," कॅप्टन म्हणाले.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. "माझा सराव तू बनव. मला माहीत नसलेला. आणि एक सांगतो, दयामाया नको."

आता माझी गोची बघा. त्यांचा ढग नेमका कुठे आहे हे त्या इमारतीत फक्त मला ठाऊक होतं. समुद्रही माझ्याच हातात. एखादी होडी जरा कडेला ठेवली असती तर त्यांना ती झक्क दिसली असती, ते पास झाले असते, काकू सुखानं झोपल्या असत्या आणि कोणाला कळलंही नसतं. दोन दिवस मी ती होडी स्क्रीनवर इकडून तिकडे सरकवत होते. कडेला ठेवावी तर त्यांच्याशी लबाडी, मध्ये ठेवावी तर मीच त्यांना घरी बसवणार. शेवटी मनाला विचारलं, खऱ्या समुद्रात ही होडी कुठे असती? आणि ती बरोबर नाकासमोर ठेवली. लाकडी, बारकी, दिवा नसलेली, रडारवरही न उमटणारी.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना चहा दिला. चीफ ऑफिसर म्हणून त्यांच्यासोबत लविना उभी राहणार होती. लविना मंगळूरची, आमच्यातली धाकटी प्रशिक्षक. कॅप्टननी तिला एकदा नापास केलं होतं, एकदा पास. त्यांच्यापुढे ती अजूनही टाचा जुळवून उभी राहायची.

सराव सुरू झाला आणि अर्धा तास आम्ही तोंडात बोट घालून बसलो. पाऊस, जोराचा प्रवाह, डावीकडे उथळ पाणी, दोन्ही बाजूंनी मोठी जहाजं, आणि त्यातून तो बारीक माणूस ते अवाढव्य जहाज हळू आवाजात घेऊन चालला होता. रडार लविना वाचून सांगायची, ते ऐकून आकडे डोक्यात मांडायचे आणि हुकूम द्यायचे. एकही शब्द दोनदा नाही. शेजारी मॅनेजर पुटपुटले, "स्टिल द बेस्ट." मला अभिमान वाटत होता, आणि माझी होडी जवळ येत होती.

लविनाला ती दिसली. "स्मॉल बोट, राइट अहेड, सर."

कॅप्टननी समोर पाहिलं. मान डावीकडे केली. उजवीकडे केली. काचेमागून मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

इथे तुम्ही मला सांगा, दुसऱ्या कोणी काय केलं असतं. लविनानं सांगितलंच होतं. तिच्या शब्दावर जहाज वळवायचा हुकूम दिला असता तरी चाललं असतं. मार्क मिळाले असते, काम राहिलं असतं. कॅप्टनला दिसलं की नाही, हे विचारायला कोणी जात नाही.

"आय कॅन्नॉट सी इट," ते म्हणाले. नेहमीच्याच आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "लविना, यू हॅव द कॉन."

कॉन म्हणजे जहाजाचा ताबा. ब्रिजवरचा रिवाज असा की देणाऱ्यानं हे मोठ्यानं म्हणायचं आणि घेणाऱ्यानं तितक्याच मोठ्यानं म्हणायचं, "आय हॅव द कॉन." तो हे म्हणेपर्यंत ताबा पहिल्याकडेच राहतो. आणि लविना काही म्हणेचना. तिला कळलं होतं की हे शब्द आपण उच्चारले की या माणसाची कॅप्टनकी संपली. जहाज होडीकडे चाललं होतं आणि ती त्यांच्याकडे नुसती बघत उभी होती.

कॅप्टननी तिला रागावून सांगितलं नाही, आवाजही चढवला नाही. "लविना," ते म्हणाले, "देअर आर पीपल इन दॅट बोट."

मी त्या होडीत माणसं घातलीसुद्धा नव्हती.

"आय हॅव द कॉन," लविना म्हणाली आणि पुढच्याच श्वासात जहाज डावीकडे घेतलं. होडी वाचली. जहाज उथळ पाण्यात जाऊन रुतलं, कारण दुसरीकडे जायला मी जागा ठेवलीच नव्हती. लविनानं रेडिओ उचलला, आपलं नाव सांगितलं, जहाज माझ्या हुकुमावर रुतलं आहे असं सांगितलं. तिचा आवाज फाटला होता, पण एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तोवर कॅप्टन मधली जागा सोडून बाजूच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले होते, हात मागे बांधून. त्यांनी तिला एकही सूचना केली नाही. आयुष्यभर हुकूम देत आलेला माणूस इतका पूर्ण गप्प उभा राहिलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. काचेमागे आम्ही सगळे कधी उठून उभे राहिलो, कोणालाच आठवत नाही.

नंतरच्या बैठकीत मॅनेजर म्हणाले, ताबा वेळेवर दिला, नियमाप्रमाणे हा पासच आहे. कॅप्टन म्हणाले, "पास द्या की. पण आता मला तिथे उभं करू नका. मार्क लविना देईल." मॅनेजर अजून काहीतरी बोलत होते. कॅप्टननी ऐकून घेतलं, आभार मानले आणि बॅग उचलली.

मी त्यांच्याबरोबर एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत निघाले. डोक्यावर ऊन होतं. ते म्हणाले, "होडी जागेवर ठेवलीस. छान केलंस." मला भर रस्त्यात रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, मग विचारलं, "अगं, काकूला फोन तू करतेस की मी करू?"

"तुम्हीच करा."

"हो, मीच करायला हवा." त्यांनी फोन लावला. "अगं ऐक, सोडलं मी आज. नाही नाही, कोणी काढलं नाही. मीच सोडलं. हो, जेवायला येतोय." पलीकडून काकू बराच वेळ बोलत असाव्यात. ते फक्त हं, हं करत होते.

क्रॉसिंगपाशी आम्ही थांबलो. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर चालले, पण ते कायम पाऊलभर पुढे असायचे, आणि हात धरलेला त्यांना खपायचा नाही. आज त्यांनी आपणहून माझा दंड धरला.

"सिग्नल काय आहे?"

"लाल."

आम्ही उभे राहिलो. समोरून बस गेल्या, लॉऱ्या गेल्या. ते मान तिरपी करत नव्हते, कुठे बघायचा प्रयत्नच करत नव्हते.

"झाला हिरवा," मी म्हणाले.

आणि कॅप्टननी, एकदाही उजवी-डावीकडे न बघता, रस्त्यात पाऊल टाकलं.