कडेची माणसं

“ताई, हा कॅमेरा मानसं खाऊन राहिला.”

मनोहरभाऊंनी बॅग माझ्या काउंटरवर ठेवली आणि मोबाइल पुढे केला. खापरखेड्याच्या कॉलनीतल्या एका लग्नाचा ग्रुप फोटो होता. नवरा-नवरी मधोमध, वऱ्हाड दोन्ही बाजूंना, आणि उजव्या टोकाला नवरीचा मामा. मामा म्हणजे त्याचा एक खांदा आणि अर्धी मिशी. मामा भयंकर चिडला होता म्हणे, आणि चिडणारच.

“मले फाइंडरमधी सगळे दिसत होते,” भाऊ म्हणाले. “फोटोत मामा गायब. हे पयल्यांदा नाई झालं. दर वेळी उजवीकडचाच मानूस जाते.”

मी सीताबर्डीवरच्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात रिपेअरिंगचं काउंटर सांभाळते. पुढे शेठ नवे कॅमेरे विकतात, मागे मी जुने उघडते. अजूनही नवीन गिऱ्हाईक मला पाहून विचारतं, “टेक्निशियन कुठे गेले?” मी म्हणते, “जेवायला गेले,” आणि कॅमेरा हातातून काढून घेते. मनोहर रामटेके मात्र पहिल्या दिवसापासून “जय भीम, ताई” म्हणून थेट माझ्याकडे यायचे. नंदनवनात त्यांचा स्टुडिओ. लग्नाचे फोटो काढणारे नागपुरात पुष्कळ आहेत, पण ग्रुप फोटो म्हटलं की लोक त्यांचंच नाव घ्यायचे. त्यांची रीतच तशी होती. लग्न लागलं की ते सगळ्यांना स्टेजवर बोलवायचे. सगळ्यांना म्हणजे आचारी, बँडवाले, मंडपवाले, गाडीचा ड्रायव्हरसुद्धा. जेवायला बसलेल्यांना पंगतीतून उठवून आणायचे. “कोनी सुटला नाई पाह्यजे” हे त्यांचं पालुपद. लोक वैतागायचे आणि नंतर तोच फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायचे.

असा माणूस मामाला अर्धा कापतो, म्हणजे बिघाड कॅमेऱ्यातच असणार, असं मलाही वाटलं.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसतो. डोळा लावतो त्या फाइंडरमध्ये एक छोटा स्क्रीन असतो आणि सेन्सरला जे दिसतं तेच तो दाखवतो. सेन्सर म्हणजे पूर्वीच्या रोलची जागा घेणारी चकती. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून ही चकती लोहचुंबकांवर तरंगती ठेवलेली असते. कॅमेरा आपटला की कधी कधी ती एका बाजूला सरकून बसते. माझा संशय तिच्यावर होता.

मी कॅमेरा ट्रायपॉडवर लावला. आमच्या मागच्या भिंतीला टाइल्स आहेत, माझा टेस्ट चार्ट तोच. फाइंडरमध्ये कडेला कोणती टाइल दिसते ते पाहायचं, फोटो काढायचा आणि ताडून बघायचं. उजवी कड जुळली. डावीही जुळली. लेन्स बदलली, चकती तरंगती ठेवणारा स्टॅबिलायझर बंद करून पाहिला, तरी फरक नाही. जे दिसत होतं तेच फोटोत येत होतं.

“भाऊ, कॅमेरा चांगला आहे.”

“मंग मामा कुठी गेला?”

“ते तुम्ही मला सांगा.”

त्यांना राग आला. हातातलं झाकण फिरवत ते म्हणाले, “जाऊ द्या. ह्याचं वय झालं. आता नवीन बॉडीच घेतो.”

हा नवीन कॅमेरा म्हणजे त्या वर्षी आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना चढलेला ताप होता. एका मोठ्या कंपनीचा सगळ्यात वरचा मिररलेस येणार येणार म्हणून हवा होती. कंपनीचं तोंड बंद, आणि फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रोज एक नवी खबर. कोणी म्हणे फाइंडर इतका मोठा की थिएटरात बसल्यासारखं वाटेल. कोणी म्हणे अंधारातसुद्धा नवरीची नथ चमकेल. आणि सगळ्यात गाजलेली खबर म्हणजे डोळ्यावर चालणारा फोकस. फाइंडरच्या आत बसवलेला सेन्सर आपलं बुबुळ वाचतो आणि आपण ज्या माणसाकडे बघू त्याच्यावर फोकस नेऊन ठेवतो. बटण फिरवायचं नाही, नुसतं बघायचं. ही जमात हातातल्या कॅमेऱ्याने कमी आणि न आलेल्या कॅमेऱ्याने जास्त फोटो काढते, असं माझं जुनं मत आहे. ते मी तोंडावर सांगते, म्हणून शेठ मला पुढच्या काउंटरवर बसवत नाहीत.

मनोहरभाऊंना हे वेड आधी कधीच नव्हतं. आता ते दर आठवड्याला चक्कर मारायचे. “आला का?” म्हणून विचारायचे. त्यांच्या मुलीचं, प्राचीचं लग्न हिवाळ्यात ठरलं होतं. बाकी फोटो कोणीही काढो, ग्रुप फोटो बाप काढणार हे घरात ठरलेलं होतं. “पोरीच्या फोटोत एकही मानूस कटला नाई पाह्यजे, ताई. म्हनून थांबून राहिलो,” ते म्हणाले. त्यांनी मोठ्या ऑर्डरी घेणं बंद केलं होतं. नवा कॅमेरा आला की मग घेऊ म्हणायचे.

पावसाळ्यात ते पुन्हा आले. या वेळी कॅमेऱ्याचा उजवा कोपरा चेपलेला होता आणि त्यांच्या हाताला पट्टी. कळमन्याकडच्या एका हॉलमध्ये फोटो काढता काढता ते स्टेजवरून खाली पडले होते.

“पडलात कसे?”

“धक्का लागला कोनाचा तरी. गर्दी होती.”

“कोणत्या बाजूला पडलात?”

“हे पोलीस स्टेशन हाय का, ताई?”

मी कोपरा ठोकून सरळ केला. पण लेन्सच्या तोंडावरचं हूड काढलं तर त्यालाही उजवीकडेच जुने ओरखडे. दाराच्या चौकटीला, खांबाला घासल्याचे. डावी बाजू कोरी. मला ते काही बरं वाटलं नाही.

“भाऊ, डोळे तपासून घ्या,” मी म्हटलं.

“तपासले ना! चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. शेवटची बारीक ओळ फाडफाड वाचली. तो म्हने, काका, तुमचे डोळे माह्याहून चांगले.”

“डॉक्टरकडे जा. चष्म्याच्या दुकानात नाही.”

“लॉन्च होऊ द्या. मंग पाहू. सध्या टाइम नाई.”

मी त्यांच्या घरी फोन केला. सुनंदावहिनी, त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, “मी तं सांगूनच राहिली, ताई. ताटातली चटनी उजवीकडं असली तं विचारते, आज चटनी काहून नाई केली? म्या म्हटलं दवाखान्यात चला. तं म्हने कॅमेरा येऊ दे.”

कॅमेरा आला. दिवाळीनंतर दुकानात डबे उतरले. शेठ खुशीत होते, आगाऊ नाव नोंदवलेल्या यादीतल्या लोकांना स्वतः फोन करत होते. मनोहरभाऊ दुकान उघडायच्या आधीच शटरपाशी उभे होते, वहिनींना घेऊन, हातात संत्रा बर्फीचा डबा. सगळ्यांना बर्फी वाटून झाली. मग त्यांनी खोक्याचं सील स्वतः कापलं आणि कॅमेरा दोन्ही हातांनी बाहेर काढला.

“फोकस डोळ्यावर चालते ना? ते लावून द्या पयले.”

त्याला आधी डोळ्याची ओळख करून द्यावी लागते, कॅलिब्रेशन म्हणतात. फाइंडरमध्ये एक टिंब उमटतं. त्याच्याकडे बघायचं आणि बटण दाबायचं. आधी मधोमध, मग उजव्या कडेला, डाव्या कडेला, वर, खाली. कॅमेऱ्याला कळतं की हा माणूस इकडे बघतो तेव्हा त्याचं बुबुळ असं वळतं. मिनिटभराचं काम आहे.

मधलं टिंब झालं.

“आता उजवीकडचं,” मी म्हटलं.

भाऊ कॅमेरा डोळ्याला लावून उभे राहिले. बटण दाबेनात.

“टिंब आलं नाई.”

“येईल. थांबा.”

“नाई येऊन राहिलं, ताई.”

कॅमेऱ्याने वाट पाहून कॅलिब्रेशन बंद केलं. मी ते पुन्हा लावलं. पुन्हा मधलं झालं, पुन्हा उजवीकडे गाडी अडली. शेठ उठून आले. “अरे, पीस डिफेक्टिव्ह दिसून राहिला. टेन्शन नका घेऊ, मनोहरभाऊ, दुसरा डबा खोलतो.”

मी कॅमेरा घेतला आणि डोळ्याला लावला. उजव्या कडेला केशरी टिंब ठळक दिसत होतं. मी कॅमेरा परत त्यांच्या हातात दिला.

“भाऊ, आता समोर नका बघू. डोळा हळूहळू उजवीकडे न्या. पार टोकापर्यंत.”

ते डोळा नेत राहिले. बराच वेळ गेला.

“हं! आता आलं.”

“आता नाही आलं, भाऊ. ते पहिल्यापासून तिथंच होतं.”

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. मी त्यांना स्टुलावर बसवलं, डाव्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितला आणि माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं. टेबलावरचा लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्यांच्या उजव्या कानापासून हळूहळू पुढे आणू लागले. “दिसला की सांगा.” मूठ गालापुढे आली, पुढे सरकत सरकत माझ्या नाकाच्या जवळ पोहोचली, तेव्हा ते म्हणाले, “दिसला.” सुनंदावहिनींनी बर्फीचा डबा काउंटरवर ठेवून दिला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

काचबिंदू, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. डोळ्यातला दाब हळूहळू वाढतो आणि डोळ्यामागची नस मरत जाते. दुखत नाही, लाल होत नाही. नजर कडेकडून जायला लागते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते, म्हणून चष्म्याच्या दुकानातली बारीक ओळ वाचता येते. दोन्ही डोळे उघडे असले की एक डोळा दुसऱ्याचं उणं बरंचसं झाकतो. फाइंडरला मात्र एकच डोळा लागतो. आणि जिथे दिसत नाही तिथे काळं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून टाकतो. म्हणजे भाऊ खोटं बोलत नव्हते. त्यांना फाइंडरमध्ये मामा खरोखरच पुरा वाटला होता.

“आधी आले असते तर?” वहिनींनी विचारलं.

“आधी आला असता तर पुष्कळ वाचलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “आता आहे तेवढं सांभाळायचं. गेलं ते परत येत नाही.” डाव्या डोळ्यातही सुरुवात झालेली होती. भाऊंचे वडील म्हातारपणी आंधळे झाले होते. मोतीबिंदू पिकला म्हणून घरच्यांनी सोडून दिलं होतं. तेही हेच असणार.

शेठना मी व्यापारी माणूस म्हणत आले, पण त्यांनी उघडलेला कॅमेरा एका शब्दाने कुरकुर न करता परत घेतला. तो त्याच दिवशी यादीतल्या पुढच्या माणसाकडे गेला. त्याचं कॅलिब्रेशन मीच करून दिलं.

प्राचीच्या लग्नाला मी गेले होते. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. डोक्यावर लख्ख ऊन होतं. पांढऱ्या साडीतली प्राची मधोमध बसली आणि मनोहरभाऊंनी जुना कॅमेरा काढला. मी म्हटलं, मागच्या स्क्रीनवर बघून काढा, मी शेजारी उभी राहून कडा सांगते. “स्क्रीनवर पाहून मोबाइलवाले काढतात,” ते म्हणाले. “हा एक मले काढू द्या.” मी बाजूला झाले. त्यांनी नेहमीसारखं सगळ्यांना बोलावलं, आचाऱ्यांना, मंडपवाल्यांना, पंगतीत बसलेल्यांना. फाइंडरला डोळा लावला आणि मान हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. मग मान पुन्हा मधोमध आणून बटण दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे जेवायला पांगले.

भाऊ सावलीत गेले. फोटो मोठा करून एकेक चेहरा बोटाने सरकवत पाहू लागले, अगदी अक्षर लावून वाचावं तसं. व्याही आले, आचारी आले, बँडवालेही आले. उजव्या टोकाला बोट थांबलं. तिथे पांढऱ्या साडीचा काठ होता आणि एक हात, हिरव्या बांगड्यांचा.

“सुनंदा, तू कुठी उभी होती गं?”

वहिनींनी वाकून फोटो पाहिला. मागे वळून पाहिलं तर पंगत बसली होती, ताटं वाढली होती. भाऊ सगळ्यांना पुन्हा बोलवायला उठले. वहिनींनी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

“राहू द्या. माह्यं काय, मले तं तुमी रोजच पाहता.”

 भाऊंनी कॅमेरा बंद केला आणि झाकण लावायला गेले. झाकण उजव्या हाताशीच पडलेलं होतं, ते मी उचलून दिलं.

नंदनवनातला स्टुडिओ अजून चालू आहे. ते आता फक्त पासपोर्टचे फोटो काढतात. एकच माणूस, मधोमध बसलेला. व्हॉट्सॲप ग्रुपवर पुढच्या मॉडेलमध्ये काय येणार याची चर्चा सुरू झाली आहे आणि शेठनी नवी यादी केली आहे. मी एवढंच करते. कॅमेरा कडेची माणसं कापतो म्हणून कोणी आलं की मी स्क्रूड्रायव्हर काढते, पण कॅमेरा उघडत नाही. आधी गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवते आणि म्हणते, माझ्या नाकाकडे बघा.