पथारीवरचा ठसका

मिरचीचे देठ खुडायला हात लागतात. तोंडावर फडकं असतं, पण जीभ मोकळीच. म्हणून आमच्या पथारीवर संध्याकाळपर्यंत देठांचा एक ढीग होतो आणि किश्शांचा दुसरा. देठांचा ढीग शेठचा. दुसरा आमच्याबरोबर घरी येतो.

पथारी म्हणजे नंदुरबारबाहेरचं मोठं उघडं मैदान, लाल मिरची वाळवायचं. थंडी लागली की आम्ही बाया तिथं ओळीनं बसतो. माझ्या डाव्या हाताला जैतुन चाची, उजव्या हाताला सुमन. सुमनचा नवरा गेलेला, म्हातारी सासू तिच्याच भरवशावर. गेल्या हंगामात ही सुमन आमच्यातून जाता जाता राहिली. तेच सांगायचंय, पण ते एकदम सांगता येत नाही.

*

आधी पाण्याचं. मिरचीचे हात कितीही धुवा, आग जात नाही. त्या हातांनी आडोशाला जायचं म्हणजे काय, ते बाईलाच ठाऊक! म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची रीतच पडलेली. नवी बाई आली की पहिल्या दिवशी हेच शिकवायचं.

आमच्या वस्तीची आशाताई एकदा रागावली. “पाणी पीत नाही, म्हणून तर लघवीला जळजळ होते तुम्हाला!”

चाची म्हणाली, “पिया तो जलता है, नहीं पिया तो भी जलता है. तू बता बेटी, कौनसा जलना अच्छा?”

आशाताई दुसऱ्या दिवशी खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. आधी तेल चोळायचं, मग साबणानं धुवायचं. आग बरीच उतरली.

चाची आता मोठा तांब्या घेऊन बसते. म्हणते, “बुढापे में पानी पीना सीखी!”

*

शेठ आमचे राजस्थानकडचे. पोट गल्ल्याच्या पुढे आलेलं. त्यांना शुगर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. चालायचं कुठं, तर पथारीभोवती!

पूर्वी शेठ गादीवरून उठत नसत. आता सकाळी एक फेरी, दुपारी एक फेरी. पाठीमागून बुटांचा आवाज आला की आमच्या माना खाली, हात भराभर. बोलणं बंद, हसणं बंद. चहासुद्धा घाईघाईत.

हंगाम अर्धा झाला तेव्हा शेठ खुशीत म्हणाले, “चालण्यानं फार फरक पडतो बरं का! माझी शुगर उतरली.”

सुमन फडक्याआडून पुटपुटली, “आनि आमनं बीपी चढनं!”

*

बीपीची गोळी खरी चाचीला होती. आमच्याकडे मिसरीची चिमूट जशी एकमेकींना देतात, तशी तिनं ती गोळी सुमनला दिली. डोकं दुखत होतं म्हणून. थोड्या वेळानं सुमन मिरचीच्या ढिगावरच कलंडली. पाणी मारून शुद्धीवर आणली, आशाताईला बोलावलं.

आशाताई कडाडली, “दुसऱ्याची गोळी खाता? उद्या दुसऱ्याची चप्पल घालाल!”

सुमननं पडल्या पडल्या पाय वर केला. “घालस ना! हाई बी चाचीनीच शे!”

आम्ही हसलो. आशाताई हसली नाही. सुमनचा तो पाय तिनं नीट पाहिला. नुसतं हाड होतं.

*

पथारीवर पोती तोलायचा काटा आहे. मजा म्हणून आम्ही त्यावर उभ्या राहतो. जाड बायांना आशाताईनं सांगितलेलं, तळलेलं कमी करा, वजन उतरवा. कोणाचं उतरत नव्हतं. सुमनचं मात्र गेल्या वेळेपेक्षा कितीतरी उतरलं.

“कितली बारीक व्हई गयी वं! काय करस तू?”

“काहीच नही. भूकच लागस नही.”

सगळ्या म्हणाल्या, नशीबवान आहे बाई!

*

पथारीवर खोकत नाही अशी बाई दाखवा. ढीग हलवला की ओळच्या ओळ ठसकते. कोणाचा खोकला किती दिवसांचा, कोण बघतो?

मग अवकाळी पाऊस आला. मिरचीवर ताडपत्र्या पडल्या, काम बंद. सुमनचं घर गळत होतं, म्हणून ती सासूला घेऊन माझ्याकडे आली. चाचीही होती. चूल विझलेली, नुसता चहा पीत बसलो होतो. सुमन खोकली. परत खोकली. पदर तोंडावर धरून खोकतच राहिली.

चाचीनं कप खाली ठेवला.

“सुमन,” ती म्हणाली, “यहाँ तो मिरची नहीं है.”

सासूनं मान फिरवली.

*

सरकारी दवाखान्यात बेडका तपासला. टीबी. गोळ्या फुकट मिळत होत्या, पण खायच्या होत्या महिनोन्‌महिने, एकही न चुकवता. आशाताईनं आम्हा सगळ्यांनाही तपासणीला नेलं. आम्ही सुटलो.

सुमन रडली नाही. मला एवढंच म्हणाली, “आक्का, मन्ही जागा राखशात ना वं?”

पथारीवर जागा रिकामी राहत नाही. एक उठली की दुसरी बसते. चाचीनं आपल्या चपला काढून सुमनच्या जागेवर ठेवल्या. हंगाम संपेपर्यंत रोज. ऊन तापलं तरी चाची अनवाणी चहाला जायची. कोणी विचारलं, “इथं कोण बसतं?” तर म्हणायची, “दिखता नहीं? चप्पल है ना!”

शेठ फेरी मारताना त्या चपलांना वळसा घालून जात.

*

या हंगामात सुमन आली. डॉक्टरांनी बरी झाल्याचं सांगितलं, कामाला जा म्हणाले. अंगावर मांस आलेलं. नवं फडकं बांधून आली. चाचीनं याही वेळी तिथं ठेवलेल्या चपला उचलून पायात घातल्या, सुमन आपल्या जागी बसली.

हमालानं नवा ढीग ओतला. लाल धूळ उठली. सगळी ओळ ठसकली आणि थांबली.

मग एकटी सुमन ठसकली.

सगळ्यांचे हात जागच्या जागी राहिले. चाचीच्या मुठीतले देठ तसेच. पलीकडे शेठ एक पाय पुढे टाकून उभे.

सुमननं फडकं खाली ओढलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

“अवं, खुडा ना!” ती म्हणाली. “हाऊ मिरचीना शे!”