लाभ, दोन, तीन

अकरावी सायन्स सोडायचा अर्ज मी स्वतःच्या हाताने लिहिला आणि रागाच्या भरात तीन कागद वाया घालवले. कारण एकच. तो मेला लंबक! एक मीटर दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, झोका द्यायचा, वीस फेऱ्यांना किती सेकंद लागले ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. पुस्तकात नऊ पॉइंट आठ. माझा यायचा दहा पॉइंट आठ, फार तर दहा पॉइंट नऊ. एकदा नाही, तीन प्रॅक्टिकलला.

बाकीच्या मुली शहाण्या. आधी उत्तर लिहायच्या, सेकंद मागून बसवायच्या. मी काही फार सत्यवादी होते अशातला भाग नाही, पण ढापलेल्या उत्तरावर पास व्हायचं म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी पट्टी बदलली. हुकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत दोरा पुन्हा मोजला, बरोबर शंभर सेंटिमीटर, मिलिमीटरचा फरक नाही. स्टॉपवॉच बदललं. आकडा जागचा हलेना. मराठी शाळेतून आलेली मी, इंग्रजी पुस्तक आधीच अंगावर यायचं, त्यात हे. मग मी ठरवूनच टाकलं की सायन्स हे आपल्या डोक्याचं काम नाही.

आमचं भवानी पेठेत धान्याचं दुकान. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सकाळी दुकानातच अर्जावर सही केली. ओरडले असते तर मी भांडले तरी असते! त्यांनी पेन खिशाला लावलं आणि ज्वारी चाळायला बसले.

आता राहिली वर्गशिक्षिकेची सही. फिजिक्सच्या मॅडमच आमच्या वर्गशिक्षिका. शुक्रवार पेठेतून स्कूटीवर यायच्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. मी प्रयोगशाळेत गेले आणि अर्ज त्यांच्यापुढे आपटलाच म्हणा ना.

"सही करा, मॅडम."

त्यांनी तो शांतपणे वाचला. "करते की. आधी एकदा लंबक करून दाखव."

"तीनदा केलाय!"

"मी तुझ्याजवळ उभं राहून एकदाही पाहिलेला नाही. ती माझी चूक. कर, आणि मोठ्यानं मोज."

मी तणतणत गोळा बाजूला ओढला, सोडला आणि सोडतानाच स्टॉपवॉच दाबलं. "लाभ," मी म्हणाले. गोळा जाऊन परत आला. "दोन." पुन्हा आला. "तीन."

मागच्या टेबलावर मुली फिस्सकन हसल्या. काय झालं ते मला आधी कळेचना. आमच्याकडे मोजताना 'एक' म्हणत नाहीत. टेम्पोतून माल उतरताना पहिलं पोतं हमालाच्या पाठीवर आलं की अण्णा 'लाभ' म्हणतात, मग दोन, मग तीन. बोलायला लागल्यापासून मी तसंच मोजत आलेय. इतकं, की मी तसं मोजते हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. माझी कानशिलं तापली. मी गोळा धरून ठेवला.

मॅडम हसल्या नाहीत. मुलींकडे वळून म्हणाल्या, "हसायला काय झालं? आमच्या घरी 'बरकत' म्हणायचे. अब्बा ट्रकमध्ये माल चढवून घ्यायचे, बरकत, दो, तीन. मीही कॉलेजात हीच चूक केली होती. सांगणारं कुणी नव्हतं. वर्षभर उत्तरं ढापली मी."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वडील बरोबर मोजतात. ते लाभ म्हणतात तेव्हा पोतं पाठीवर आलेलं असतं. तू गोळा सोडतानाच लाभ म्हणतेस. पहिली फेरी कुठं झालीय अजून? गोळा परत आला की म्हण."

हात्तिच्या! म्हणजे वीस म्हणून मी दर वेळी एकोणीसच फेऱ्या मोजत होते. मी पुन्हा गोळा सोडला, गप्प राहिले, परत आल्यावर लाभ म्हटलं. अडतीसवर थांबणारं घड्याळ चाळीस सेकंदांच्या जरासं पुढं थांबलं. गणित केलं. नऊ पॉइंट आठ. मला सगळ्यांदेखत रडू कोसळलं.

मॅडमनी पेन उघडलं. "आता करू सही?"

"नको!" मी अर्ज ओढूनच घेतला. नाक पुसत विचारलं, "आता 'एक' म्हणायची सवय लावू का?"

"कशाला? लाभच म्हण. फक्त वेळेवर म्हण."

आज मी स्वतः फिजिक्स शिकवते. कुणाचं उत्तर चुकलं की जवळ जाऊन त्याला मोठ्यानं मोजायला लावते. मॅडमचे माझ्यावर फार उपकार आहेत. तोंडावर कधी नीट सांगता आलं नाही, माझी जीभ भांडायलाच पटकन सुटते, म्हणून इथं लिहिते.

त्या संध्याकाळी दुकानात अण्णांना सगळं भडाभडा सांगून टाकलं. मला वाटलं, हसतील. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी माझ्यामुळं चुकत हुतं व्हय?"

मी सुतळी तोडली, दोनशे ग्रॅमचं वजन फडक्यात बांधून छताच्या कडीला टांगलं, कडीपासून वजनाच्या मध्यापर्यंत टेपने बरोबर मीटरभर मोजलं आणि म्हटलं, "तुमच्यामुळं मोजायला शिकले, अण्णा. आता तुम्हीच मोजा."

मोबाइलचं घड्याळ मी धरलं. वजन परत येईपर्यंत अण्णांनी श्वास रोखून धरला, मग म्हणाले, "लाभ." विसाव्या फेरीला चाळीस सेकंद झाले. मी कॅल्क्युलेटरवर आकडा काढून त्यांच्यापुढे धरला. चष्मा वर करून त्यांनी तो वाचला.

"ह्ये सगळ्या जगात येवढंच येतंय?"

"सगळीकडं जवळपास एवढंच."

"आन् आपल्या दुकानात बी?"

"आपल्या दुकानात बी, अण्णा."

एक बाई गहू घ्यायला पिशवी घेऊन पायरीवर येऊन थांबल्या होत्या. अण्णा त्यांना म्हणाले, "जरा थांबा की, ताई," आणि मला म्हणाले, "पुन्यांदा सोड."