एकाच तारेवरची रोषणाई

रोज सकाळी चहा व्हायच्या आधी दादा उंबऱ्यावर बसायचे, शेजारी बल्बची टोपली ओढून घ्यायचे आणि एकेक बल्ब कानाशी धरून हळूच हलवायचे. आतली तार तुटलेली असली की बारीक किणकिण ऐकू येते. किणकिणला तो डावीकडे, गप्प राहिला तो उजवीकडे. टेस्टर लावून हे लगेच कळलं असतं. पण दादा म्हणायचे, "दिवसभर माणसांचं ऐकायचंच आहे. सकाळी जरा शहाण्यांचं ऐकून घेतो."

आतून वहिनींचा आवाज यायचा, "मग मलाही एकदा हलवून बघा!"

"तू न हलवताच वाजतेस, तुला कशाला हलवू?"

दादा म्हणजे आमच्या गल्लीचे लाइटवाले. लग्न असो, दुकानाचं उद्घाटन असो की शाळेचं संमेलन, माळा दादांच्याच. कामात त्यांचा एक हट्ट होता. शेजारी शेजारी घरांवर माळा सोडायच्या असल्या तरी प्रत्येक घराची तार वेगळी, स्विच वेगळा, फ्यूज वेगळा. यात वेळ जास्त जायचा, वायर जास्त लागायची, लोक कुरकुरायचे. दादा ऐकायचे नाहीत. "एकाचं बिघडलं म्हणून दुसऱ्याचं विझता कामा नये," एवढंच म्हणायचे आणि शिडी चढायचे.

वडील लवकर गेले. दादांनी शाळा सोडली आणि एका मिस्त्रीच्या हाताखाली खांबावर चढायला लागले. धाकटा भाऊ तेव्हा इतका लहान होता की दादा रात्री घरातलं काही दुरुस्त करत असले की टॉर्च धरायचं काम त्याचं, आणि टॉर्च धरता धरता तो उभ्या उभ्या झोपायचा. दादांनी त्याला शिकवलं. तो नदीपलीकडच्या देशाची भाषा शिकला, शाळेत तीच शिकवायला लागला, आणि लग्न केलं तेही पलीकडच्याच मुलीशी. ती दवाखान्यात नर्स होती. दादा आणि वहिनी खाली राहायचे, धाकटा आणि धाकटी वर. वरच्या मजल्याला रस्त्याच्या बाजूला एक चिंचोळी गॅलरी होती. दादांना डोक्यावरच्या आवाजावरून कळायचं वर काय चाललंय. खुर्ची सरकली म्हणजे धाकटा पेपर तपासून उठला. पातेलं आपटलं म्हणजे धाकटीची रात्रपाळी झालेली आहे, आज तिच्याशी जपून.

तेव्हा दोन्ही देश एकमेकांशी जोडलेले होते. इकडून तिकडे जायला कुणाला काही विचारावं लागत नसे. मग जोडणी ठेवायची की तोडायची यावर मतदान झालं आणि गल्लीत दोनच जाती उरल्या, जोडवाले आणि तोडवाले. तोडवाले जिंकले. पण इतक्या काठावर की वर्गात हात वर करायला सांगितले असते तर गुरुजींनी दोनदा मोजले असते.

दादांनी तोडीला मत दिलं होतं. पलीकडून तयार माळा यायच्या, स्वस्त आणि बिनदुरुस्तीच्या. बिघडल्या की लोक त्या सरळ कचऱ्यात टाकायचे. दादांना काहीही फेकलेलं बघवत नसे. त्यांचं राजकारण एवढंच होतं. घरात त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

जोडणी प्रत्यक्ष तुटायची तो तोडीचा दिवस जवळ आला तशी सलूनमध्ये बैठक बसली. गल्लीच्या समितीचे अध्यक्ष सलूनवालेच, त्यामुळे बैठक चालू असताना दाढ्याही चालू होत्या.

"रोषणाई झालीच पाहिजे," सलूनवाले म्हणाले. "चाळीस वर्षं तोंड शिवून बसलो. दुकानात त्यांचा माल, शाळेत त्यांची भाषा. आता जिंकलो तर एक संध्याकाळ हसायचंही नाही का?"

"हसा की," कोपऱ्यातून शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या. "पण ज्याच्या घरात रडू आहे त्याच्याच दारात उभं राहून?"

"मग काय, त्यांना विचारून जिंकायचं होतं आम्ही?"

खुर्चीत फेस लावून बसलेले पेन्शनर काका जोडवाले होते. ते फेसातूनच बोलले, "देश जिंकला म्हणता. मग हरलं कोण, तेवढं सांगा."

"काका, मान हलवू नका. वस्तरा आहे."

"बघा! निकाल लागला नाही तोच गळ्याशी वस्तरा!"

सगळे हसले. सलूनवाले तर वस्तरा बाजूला धरून हसले. जोडवाले आणि तोडवाले मिळून हसलेले मला आठवतात ते तेवढेच, नंतर नाही.

हसणं ओसरल्यावर दादा म्हणाले, "चौकात लावू या. स्टेजवर लावू या, डोळे दिपतील असं लावून देतो. घरांवर नको."

"घरांवरच पाहिजे, दादा. चौकात कुणीही लावेल. आणि जबरदस्ती कुठे आहे? ज्याला लावायचं नाही त्याने लावू नये. कोण कुठे उभा आहे ते तरी कळेल."

सलूनवाल्यांच्या आवाजात विष नव्हतं. ते बोलता बोलता वस्तरा पुसत होते. पण निकालाच्या दिवशी शेजारच्या गल्लीत एका जोडवाल्याच्या घराची काच दगडाने फुटली होती, आणि दादांच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी एकच गोष्ट आली. उजळलेल्या गल्लीच्या मधोमध एक काळी गॅलरी.

त्या संध्याकाळी ते वर गेले. धाकटा वह्या तपासत होता. धाकटी परवाना कार्यालयात न्यायचे फोटो कापत बसली होती. तोडीनंतर तिला इथे राहायलाही परवाना लागणार होता आणि आईला भेटून परत यायलाही.

"एक माळ," दादा म्हणाले. "एका संध्याकाळपुरती. मी लावतो, मीच काढतो. तुम्ही हातही लावू नका."

धाकट्याने पेन खाली ठेवलं. "दादा, तू कुठे मत दिलंस ते मला माहीत आहे."

दादा फरशीकडे बघत राहिले.

"निकालाच्या दिवशी तू मला तीनदा विचारलंस, जेवलास का म्हणून. तेव्हाच कळलं. त्याचं मला काही नाही. मत तुझं. आपण भांडू, ओरडू, परत एका ताटाला बसू. पण हिला स्वतःच्या आईकडे जायला उद्या शिक्का लागणार, आणि माझ्या गॅलरीत त्याचे दिवे? तुला हरवून मी कधी नाचलोय?"

"नाचू नकोस रे. नुसती लाव."

"तेच नाचणं असतं, दादा."

"काच फुटली तर?"

"बसवू."

"डोकं फुटलं तर?"

"दादा, मी नर्स आहे," धाकटी म्हणाली. "डोकं शिवता येतं मला." ती हसली. बाकी कुणी हसलं नाही.

धाकटा हळू आवाजात म्हणाला, "या घरावर त्या दिवशी दिवे लागले तर आम्ही या घरात राहणार नाही. मी रागाने बोलत नाहीये. मला राहताच येणार नाही."

दादा खाली आले ते न जेवता झोपले. पुढचे काही दिवस ते गल्लीभर वायर ओढत हिंडले, पण वहिनी सांगतात, की माणूस घरात नसल्यासारखाच होता. बशीत चहा ओतायचा आणि बशीकडे बघत बसायचा. मधेच म्हणायचा, "वरची खिडकी रस्त्यापासून फार उंच नाही, नाही का?"

तोडीच्या दिवशी धाकटा आणि धाकटी सकाळीच परवाना कार्यालयात गेले. तिथली रांग रात्रीपर्यंत हलत नाही असं सगळेच म्हणत होते. दादांनी ते ऐकलं होतं. त्यांनी शिडी आपल्याच घराला लावली.

शिडी धरून वहिनी म्हणाल्या, "अहो, विचारलंत का त्याला?"

"विचारलं."

"मग?"

"नाही म्हणाला."

आणि ते चढले. त्या दिवशी दादांनी आयुष्यभर पाळलेली एक गोष्ट मोडली. गॅलरीच्या माळेला त्यांनी स्विच ठेवला नाही. स्विच ठेवला आणि धाकटा लवकर आलाच तर तो बंद करणार. बंद केला की सगळ्यांना दिसणार. म्हणून त्यांनी गल्लीच्या तोंडाच्या खांबापासून स्टेजपर्यंत एकच तार नेली आणि ती धाकट्याच्या गॅलरीतून पुढे काढली. सगळ्या घरांना एकच फ्यूज. कुणाला एकट्याला विझताच येऊ नये. तासभर लागतील, भाषण होईल, लोक घरी जातील, आपण उतरवू. त्याला कळणारही नाही. घाबरलेल्या माणसाचा हिशोब असाच असतो, सगळ्या बाजूंनी बरोबर आणि मुळातच चुकलेला.

कार्यालय मात्र जल्लोषासाठीच दुपारी बंद झालं. रांगेतल्या सगळ्यांना उद्या या म्हणून सांगितलं. बस बंद होत्या, म्हणून दोघं चालत निघाले, आणि दिवे लागले त्याच वेळी गल्लीत शिरले. टाळ्या वाजल्या. लाल, हिरवा, पिवळा उजेड घरांवरून धावत गेला. धाकट्याने मान वर केली आणि आपली गॅलरी बघितली.

तो सरळ जिना चढला. मागोमाग दादा धापा टाकत वर आले.

"स्विच कुठे आहे?"

"नाही ठेवला."

"तू स्विच ठेवला नाहीस?" धाकट्याला हे आधी खरंच वाटेना. "तू?"

"तासभर, फक्त तासभर रे, तुझ्या पाया पडतो..."

दादांची हत्यारांची पिशवी तिथेच राहिली होती. धाकट्याने पक्कड काढली आणि तारेचे दोन्ही पदर एकदम कापले. पकडीच्या मुठीला रबर होतं म्हणून तो वाचला. निळी ठिणगी उडाली, खांबावर फट्‌ असा आवाज झाला आणि सगळी गल्ली काळी झाली. स्टेजवर कुणीतरी 'आजच्या या मंगल' एवढं म्हटलं होतं, तेवढ्यावर माइक मेला.

खाली आधी शिट्ट्या, मग आवाज. ठिणगी सगळ्यांनी बघितली होती. दादा गॅलरीच्या कठड्याला धरून जिवाच्या आकांताने ओरडले, "माझं चुकलं! वायरिंग माझं चुकलं! माझा फॉल्ट आहे!"

हे शब्द दादांच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. गल्ली हसली.

सलूनवाले वर आले. त्यांनी धाकट्याच्या हातातली पक्कड बघितली, तारेची टोकं बघितली, आणि नजर फिरवली. "दादा," ते इतकंच म्हणाले, "लोक थांबलेत."

दादा भिंतीला टेकून बसले होते. उठेनात. शेवटी धाकटाच म्हणाला, "जोड. आमचं सोडून दे आणि अलीकडची तार पलीकडे जोड. चल, मी उजेड धरतो."

त्याने टॉर्च घेतला. दादा वाकले. कापलेली टोकं सोलायला त्यांना कधी वेळ लागत नसे, त्या दिवशी तार हातातून सारखी निसटत होती. टॉर्चचा उजेड मात्र हलला नाही. धाकटी दारात उभी राहून बघत होती. मग दादा खाली गेले, खांबावर चढले, फ्यूज बदलला.

सगळी गल्ली उजळली. मधोमध एक गॅलरी काळी राहिली. दादांना ज्याची भीती होती ते चित्र त्यांनी स्वतःच्या हाताने जोडलं होतं, एकेक पीळ देऊन.

त्या संध्याकाळी कुणी दगड मारला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या की बऱ्याच जणांनी त्या गॅलरीकडे बघणंच टाळलं. काही तोडवाले तर लवकर घरी गेले.

महिना संपायच्या आत धाकटा आणि धाकटी नदीपलीकडे राहायला गेले. भांडण झालं नाही. निघताना धाकटा दादांच्या पाया पडला आणि दादांनी त्याला उठवलंच नाही कितीतरी वेळ. खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले. वहिनींना वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "सामान नीट बांधलंस ना?"

नंतर दादांनी रोषणाईची कामं सोडली. कुणी बोलवायला आलं तर वहिनींना पुढे करायचे. वर भाडेकरू ठेवा असं लोक सांगायचे, ते नुसतं हं म्हणायचे. जेवताना मधेच घास हातात धरून वर बघायचे. वर कुणी नव्हतं, त्यामुळे आवाजही नव्हता. वहिनी मग मुद्दाम भांडी आपटायच्या.

धाकट्याचा दर रविवारी फोन यायचा. त्या दिवसाबद्दल दोघांपैकी कुणीही बोललं नाही. आधीच सगळं बोलून झाल्यासारखे ते हवेबद्दल बोलायचे, दाढेबद्दल बोलायचे. धाकटीला इथे यायचा परवाना अजून मिळाला नव्हता, आणि तिला सोडून धाकटा एकटा यायला तयार नव्हता. दादांची छाती दुखायला लागली आहे हे वहिनींनी फोनवर सांगू नये, असं दादांनी बजावलं होतं.

दादांच्या शेवटच्या रविवारी फोन आला तेव्हा दादा पलंगावर पडूनच बोलले. पलीकडून धाकटा म्हणाला, की उद्या नव्या शाळेत पहिला दिवस आहे, शर्टाला इस्त्री करायची राहिलीय. दादांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"बरं, ठेव मग," ते म्हणाले. "आणि इस्त्री करताना पायात चप्पल घाल रे."