हिरव्या नेटखालचा राखाडी

मोठेबाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, त्या दुपारी नागपूरला न्यायचं होतं. एका डोळ्याने त्यांना दिसत नव्हतं. दुसऱ्याचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी कसलीच खात्री दिली नव्हती. त्याआधी त्यांनी माझं विमान बघावं, एवढंच मला हवं होतं.

तरुणपणी ते नौदलात होते. युद्धाच्या वेळी जहाजाच्या डेकवर विमानं ढकलायचे. त्याच विमानाचं वीतभर मॉडेल मी पोंभुर्ण्याच्या आमच्या अंगणात, कोपऱ्यात बसून जोडलं होतं. वरच्या बाजूचा गडद राखाडी मात्र जमत नव्हता. फोनवर सापडलेले फोटो एकमेकांशी जुळत नव्हते. मोठेबाबा म्हणाले होते, "त्याच्यात हिरवा नोता, माय. जराही नाई." म्हणून हिरवी झाक दिसेनाशी होईपर्यंत मी लालचे थेंब टाकत गेले.

मॉडेल हातात घेऊन ते थेट फाटकाबाहेर उन्हात गेले. डोळ्याजवळ धरलं.

"हे कोन्या देशाचं व्हय?"

पंख वांग्यासारखे जांभळट दिसत होते. मी मागे वळून पाहिलं. उन्हाळ्यासाठी अंगणावर बांधलेली हिरवी नेट. लाल टाकून मी मारत होते तो हिरवा रंगात नव्हताच, उजेडात होता.

गाडी कधीही आली असती. मी बाटल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उन्हात बसले. या गल्लीत मी कुणाशी धड बोलत नाही, माझा हा छंदही कुणाला ठाऊक नव्हता. समोरच्या काकू थांबल्याच.

"काऊन वं, लेकरायच्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी रंगवून राह्यली का? टाइम हाय अजून पोळ्याले."

"नंदीच हाय," मोठेबाबा म्हणाले. "पान्यावरून उडते."

मी मान खाली घालून नवा रंग कालवला. काळा, पांढरा, निळ्याचा एक थेंब. एक पंख होतो न होतो तोच गाडी आली. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"थांब ना भाऊ, इथी विमान उतरून राह्यलं."

मोठेबाबा पंख डोळ्याजवळ नेत होते, तिरपा करत होते. आई पिशवी घेऊन दारात उभी. रंग जमला का, हे मला विचारवत नव्हतं.

"अजून काळा. थोडासाच."

मी पुन्हा ब्रश फिरवला. त्यांनी ओल्या पंखावर फुंकर घातली, कितीतरी वेळ पाहिलं.

"हं. सकाळी डेकवर असाच दिसे."

"आणि दुसरा पंख?"

"आल्यावर पाहू."

आईने मान वळवली. गाडी वळणाआड गेल्यावर उरलेला रंग मी छोट्या बाटलीत ओतला आणि वाळू नये म्हणून झाकण घट्ट, दुखेपर्यंत पिळलं.